ब्लूज शिकवताना आधी मालकाची वही उघडा

ब्लूज म्हणजे काय, असे नववी-दहावीच्या मुलांना विचारले तर उत्तर येते, काळ्या लोकांची दुःखाची गाणी. उत्तर चूक नाही, अपुरे आहे, आणि शिकवणारेही बहुधा तिथेच थांबतात. दलित पँथरचे नाव ब्लॅक पँथरवरून आले, हे आपल्या शिबिरांत सांगितले जाते. त्या समाजाची गाणी मात्र आपण मुलांना ऐकवत नाही. आम्हाला वाटते ती ऐकवावीत, पण सुरुवात गिटारपासून नको. मालकाच्या वहीपासून करावी.

१८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. जमीन मात्र बहुतांशी जुन्या मालकांकडेच राहिली. मिसिसिपीच्या डेल्टात काळी कुटुंबे वाट्याने कापूस पिकवत. बियाणे आणि किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यावा लागे. हंगामाअखेर हिशेब करणारा मालकच. वर्षभर राबूनही कुटुंब बहुधा कर्जातच राही. शिवाय तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला जागा ठेवलेली होती. पार्चमन तुरुंगाची शेती त्यावरच चालली. तिथले कैदी कुऱ्हाडीच्या घावावर गात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. शाहिरामागे झीलकरी उचलतात, तसेच.

ब्लूजचा नेहमीचा साचा फळ्यावर समजावत बसू नये, टाळ्यांवर मोजून घ्यावा. चार-चार ठोक्यांचे बारा गट. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, तिसरीत तिला उत्तर द्यायचे.

रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार मिळवली, ही कथा मुलांना फार आवडते. ती जरूर सांगावी आणि लगेच मोडावी. जॉन्सन आइक झिमरमन या वादकाजवळ शिकला, त्याने भरपूर सराव केला. कष्टाने कमावलेली कला चमत्काराच्या खात्यावर टाकण्याची खोड आपल्या ओळखीची आहेच!

१९२० मध्ये मेमी स्मिथची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड जोरात खपली. काळे लोकही रेकॉर्ड विकत घेतात, हे कंपन्यांना तेव्हा उमगले. मग त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' अशी वेगळी यादीच निघाली. पैसा कुठे गेला, हे आर्थर क्रुडपच्या उदाहरणावरून मुलांना चटकन कळते. त्याचे १९४६ सालचे गाणे १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीने गायले, ती प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड. क्रुडपला मात्र शेतमजुरी करावी लागली. १९७४ मध्ये तो गेला तेव्हाही हक्काचा पूर्ण मोबदला मिळालेला नव्हता. वही पुन्हा दुसऱ्याच्याच हातात होती.

तासाच्या शेवटी मडी वॉटर्स वाजवावा. १९४१ मध्ये संशोधकांनी स्टोव्हॉलच्या मळ्यावर जाऊन त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तो तिथे ट्रॅक्टर चालवत असे. १९४३ मध्ये तो शिकागोला निघून गेला. शहरी गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. मळ्यावर गायलेलेच एक गाणे त्याने १९४८ मध्ये नव्या नावाने पुन्हा मुद्रित केले. दोन्ही एकापाठोपाठ ऐकवावीत आणि काय बदलले, हे मुलांनाच विचारावे.