रस्ता रुंद होताना ओढ्याचं काय होतं?

केडगावच्या परिसरात कुठेच रस्त्याचं काम चालू नाही, असं वर्ष शोधावं लागेल. पुणे रस्ता झाला, बायपास झाला, आता वसाहतींमधले काँक्रीटचे रस्ते. (दौंडजवळचं रेल्वे स्टेशनचं केडगाव वेगळं, हे आपलं देवीचं केडगाव.) काम सुरू झालं की आपण धूळ, खड्डे आणि वाहतूक कोंडी यांबद्दल तक्रार करतो. रस्त्याखालून जाणाऱ्या ओढ्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

यात आपल्या हवामानाचाही दोष आहे. नगरचा वर्षभराचा पाऊस साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मोजक्या दिवसांत पडणारा. त्यामुळे ओढा वर्षातले सात-आठ महिने कोरडा. मे महिन्यात तिथे उभं राहिलं तर ती रिकामी, बेवारस जमीन वाटते. मग मुरमाचा ढीग तिथेच पडतो, जेसीबी तिथेच उभा राहतो, काँक्रीटचा मिक्सर तिथेच धुतला जातो, जुन्या मोरीचा राडारोडा तिथेच ढकलला जातो. हे करणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या नजरेला तो ओढा दिसतच नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की तासाभरात तो दिसू लागतो.

आपल्याकडचे ओढे उतरतात सीनेकडे. सीनेचा एक उगम पश्चिमेला जामगावजवळ, दुसरा ईशान्येला जेऊरकडे. दोन्हीकडचं पाणी घेऊन ती नगरला वळसा घालते, पुढे कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्ड्याच्या धरणात अडते, आणि तिथून सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. सप्टेंबर 2025 मध्ये याच सीनेने माढा, मोहोळ भागातल्या गावांत हाहाकार उडवला आणि लांबोटीच्या पुलाजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. त्या पुराचं कारण अतिवृष्टी होतं, रस्त्याची कामं नव्हेत. पण केडगावच्या ओढ्यात टाकलेली माती कुठवर जाऊ शकते, याचा अंदाज या नकाशावरून येतो.

आता ती माती किती दूर जाते ते तिच्या कणांवर ठरतं, आणि गोष्ट खरी इथे सुरू होते. बारीक वाळूचा कण एक मीटर खोल शांत पाण्यात दोन-तीन मिनिटांत तळाशी बसतो. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी जवळपास तीन दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. आपली काळी माती म्हणजे मुख्यतः असेच कण. रस्ता रुंद करताना साइडपट्टीची काळी माती उकरून काठावर टाकली, तर पहिल्या पावसात ती वाहत्या पाण्यात विरघळल्यासारखी होते आणि मग वाटेत कुठेच थांबत नाही.

थांबते ती दोन ठिकाणी. पहिलं, ओढ्याच्या तळात. आपल्या जुन्या विहिरी ओढ्याच्या कडेला का खोदल्या गेल्या? कारण ओढ्याच्या वाळूतून आणि खालच्या मुरमातून पाणी झिरपून विहिरीत येतं. त्या वाळूच्या फटी चिकण गाळाने भरल्या की तळ लिंपलेल्या जमिनीसारखा होतो. पाणी वरून वाहून जातं, खाली उतरत नाही. पाणी जिरवण्याचे धडे ज्या जिल्ह्याने राज्याला दिले, हिवरेबाजार आणि राळेगणसिद्धी ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरं ठिकाण म्हणजे पिण्याचं पाणी. गढूळ पाणी डोळ्यांना खराब दिसतं, पण त्याचा खरा धोका क्लोरीनशी जोडलेला आहे. टीसीएल पावडर टाकली की पाण्यातले जंतू मरतात, हे आपल्याला माहीत असतं. पण मातीच्या कणांना चिकटलेले जंतू त्या कणांच्या आडोशाला बसतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय पाण्यातली सेंद्रिय घाणच बराचसा क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाची मर्यादा 1 एनटीयू ठेवली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी चहासारखं दिसतं तेव्हा तो आकडा याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. जून-जुलैमध्ये गॅस्ट्रो आणि कावीळ डोकं वर काढतात, त्यात या गढूळपणाचा वाटा असतो. महापालिकेचं मुळा धरणाचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांना हे लांबचं वाटेल. ज्या वस्तीचा भरवसा विहिरीवर आणि टँकरवर आहे, तिला वाटणार नाही.

मिक्सर धुतल्याचं पाणी हा आणखी एक प्रकार. सिमेंटच्या ताज्या पाण्याचा सामू 12 च्या वर असतो. पिण्याच्या पाण्यासाठी 6.5 ते 8.5 ही मर्यादा. हे पाणी ओढ्यातल्या डबक्यात गेलं की तिथले छोटे मासे आणि चतुराची पिल्लं मरतात. डासांच्या अळ्या खाण्याचं काम हेच जीव करतात. पुढच्या पावसाने डबक्यातलं सिमेंटचं पाणी धुऊन जातं, डास परत येतात, मासे येत नाहीत. मुरूम काढून तसेच सोडलेले खड्डे आणि भरावामागे तुंबलेलं पाणी यांचा हिवतापाशी संबंध काही नव्याने सापडलेला नाही. बंगालचे सार्वजनिक आरोग्य संचालक चार्ल्स बेंटली यांनी 1925 सालच्या पुस्तकात हेच मांडलं होतं, की रेल्वे-रस्त्यांच्या भरावांनी पाण्याच्या वाटा अडवल्या आणि तिथे हिवताप वाढला. शंभर वर्षं झाली.

पाण्याची वाट अडवण्याचा विषय निघालाच आहे, तर पाइपांबद्दल बोलू. मोरीचं काम चालू असताना शेजारून तात्पुरता वळणरस्ता काढतात. त्यासाठी ओढ्यात दोन सिमेंटचे पाइप ठेवून वर मुरूम लोटतात. पाइप लहान घेतला तर थोडं कमी पाणी जाईल, एवढंच आपल्याला वाटतं. गणित तसं नाही. उतार तोच ठेवून पाइपचा व्यास निम्मा केला, तर त्यातून निम्मं पाणी जात नाही. साधारण सहावा हिस्सा जातं. त्यात काटक्या, प्लास्टिक आणि गाळ अडकला की उरलेली वाटही बंद. मग पाणी एक तर मागे तुंबून घरांत शिरतं, नाहीतर मुरमाचा बांध फोडून एकदम सुटतं. एकदम सुटलेलं पाणी वेगळंच असतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो ढकलू शकेल अशा दगडाचं वजन चौसष्टपट होतं. नव्या मोरीच्या तोंडाशी पहिल्याच पावसाळ्यात खोल घळ पडलेली दिसते ती यामुळेच.

हे किती महागात पडतं, ते महाराष्ट्राने कात्रजला पाहिलं आहे. 6 जून 2013 रोजी पुणे-सातारा महामार्गावर शिंदेवाडीजवळ डोंगरावरून चिखलाचा लोंढा रस्त्यावर आला. मोसमातला पहिलाच मोठा पाऊस होता. डोंगर बेकायदा फोडून त्याची माती पाण्याच्या नैसर्गिक वाटांवर टाकलेली होती. नाल्यातून जाण्याचं पाणी महामार्गावरून गेलं आणि एक आई व तिची लहान मुलगी त्यात वाहून गेली. त्याआधी आठ महिने तो नाला कोरडाच असणार.

याच वर्षी पुण्यातल्या आणखी एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने निर्णय दिला. मुठेच्या पात्रातून, निळ्या पूररेषेच्या आतून, विठ्ठलवाडी ते वारजे असा रस्ता भराव टाकून केला जात होता. तो रेषेच्या कडेला सरकवा किंवा खांबांवर उचला, असा त्या निर्णयाचा आशय होता. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सीनेच्या पूररेषेवरून नगरमध्ये किती वाद झाले ते आपण वाचत आलो आहोत. पण या रेषा नदीसाठी आखल्या जातात. वसाहतीमागच्या ओढ्याला बहुतेक वेळा कुठलीच रेषा नसते, आणि म्हणून त्याचा काठही नकाशावर नसतो.

काठ म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा, निर्गुडी, खाली वाळा आणि लव्हाळा, आणि जमिनीला बिलगलेली हरळी. वाळुंज हेही ओढ्याकाठचंच झाड. नगर तालुक्यात त्या नावाचं गाव आहे. या झाडोऱ्याच्या मुळांनी काठ शिवलेला असतो. शेतातून किंवा रस्त्यावरून येणारं पाणी गवतात शिरलं की मंदावतं, जाड कण तिथेच टाकतं, थोडं जिरतं. अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उघडी करणाऱ्या बांधकामाला गाळ रोखण्याची योजना आधी तयार करावी लागते, आणि तिथल्या केंद्रीय परवान्यात प्रवाहालगत साधारण 15 मीटरची नैसर्गिक पट्टी राखण्याची अपेक्षा असते. पण मघाशी पाहिलं तसं, चिकण कण गवतालाही सहज हुलकावणी देतो. त्यामुळे काठ राखणं हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा म्हणजे माती मुळात सुटू न देणं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. तलाव आणि नाल्यांमधला गाळ-मुरूम काढून तोच महामार्गाच्या भरावाला वापरायचा, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ बराच गाजला आणि तलावांच्या बाबतीत तो चांगलाच आहे. रस्त्याला मुरूम मिळतो, तलावाला खोली मिळते. मात्र तीच युक्ती ओढ्यावर वापरताना पोकलेन दोन्ही काठ उभे कापत जातो, झाडं मुळासकट निघतात आणि मागे एक सरळ चर उरतो. त्यात पाणी साठलेलं फोटोत छान दिसतं. दोन पावसाळ्यांत काठ ढासळून तो परत भरतो. तळ खोल करा, पण काठाला हात लावू नका, एवढी साधी अट घातली तर भांडण उरत नाही.

बरं, हे सगळं कुणाला माहीत नाही असंही नाही. रस्ते व पुलांच्या कामांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची जी जाडजूड नियमावली आहे (ठेकेदार तिला ‘मोर्थ स्पेसिफिकेशन’ म्हणतात), तिच्यात 306 क्रमांकाचं कलम नेमकं मातीची धूप आणि गाळ रोखण्याबद्दल आहे. बांध, गाळ बसण्याचे खड्डे, गवत, आच्छादन, उतारावरून पाणी उतरवण्याच्या नाळी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. मग होत का नाही? त्याच कलमाच्या शेवटी उत्तर आहे. गाळ रोखण्याची तात्पुरती कामं ही मातीकामाचाच भाग धरायची, त्यांचं वेगळं मोजमाप करायचं नाही. म्हणजे वेगळं बिल नाही. ज्या कामाची नोंद मोजमापवहीत होत नाही ते काम साइटवर होत नाही, हे बांधकामातल्या कुठल्याही मुकादमाला विचारा. माझ्या मते दुरुस्ती इथेच व्हायला हवी: निविदेत गाळरोधक कामांची स्वतंत्र ओळ, स्वतंत्र दर. रस्त्याच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ असेल.

तोवर मृगाआधी साइटवर जाऊन विचारण्यासारखं बरंच आहे. मुरमाचा ढीग ओढ्यापासून लांब हलवलाय का, त्याच्या पायथ्याशी वाळूच्या गोण्यांची रांग आहे का? मिक्सर धुवायला प्लास्टिक अंथरलेला खड्डा कुठे आहे? वळणरस्त्याखालचे पाइप पावसाआधी निघणार की राहणार, आणि राहणार असतील तर ते कोण साफ करणार? मोरीच्या तोंडाशी दगडी पिचिंग झालं का? आजच ओढ्याचा फोटो काढून ठेवा, तारखेसह, एकाच जागेवरून. ऑगस्टमध्ये तक्रार करताना ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. कामावरच्या पाण्याच्या टाक्या आणि ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायला सांगा. अंड्यापासून डेंगीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आणि तुमची विहीर ओढ्याच्या खालच्या अंगाला असेल तर पहिल्या गढूळ लोंढ्यानंतर क्रम चुकवू नका. घरात भरलेल्या पाण्यात आधी तुरटी फिरवा, काही तास हलवू नका, वरचं निवळ पाणी दाट फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, आणि मग त्यात क्लोरीनचं औषध टाकून अर्धा तास थांबा, किंवा ते उकळा. गढूळ पाण्यातच औषधाचे थेंब वाढवत नेण्याचा उपयोग होत नाही. ग्रामीण भागात जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. त्यांच्याकडे किंवा आरोग्य सेवकाकडे जंतूंच्या तपासणीची छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांनी बघायचं. ते काळं पडलं, तर त्या विहिरीचं पाणी शुद्ध केल्याशिवाय मुलांना द्यायचं नाही.