मुलीला हवंय पिस्तूल!

"मामा, बाबांना सांग ना, मला पिस्तूल घेऊन द्यायला!"

२०२४ च्या दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. फराळाचं ताट नुकतंच पुढ्यात आलं होतं. नववीतल्या भाचीने हे वाक्य टाकलं आणि चकलीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "ऐकलंस ना? आमच्या वेळी मुली सायकल मागायच्या!"

भावोजी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी बरीच चौकशी करून ठेवली होती. "एक पिस्तूल काही हजारांत मिळतंय आणि दुसऱ्याची किंमत लाखाच्या पुढे. दोन्हींना एअर पिस्तूलच म्हणतात. फरक काय, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही," ते म्हणाले. मी कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात रायफलच्या पाच-दहा गोळ्या झाडल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर घरातला 'तज्ज्ञ' म्हणून ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. पुढचे काही रविवार आम्ही तिघं एका नेमबाजी क्लबच्या रेंजवर गेलो, प्रशिक्षकांना भेटलो, मुलांच्या पालकांशी बोललो. त्यातून जे कळलं, ते अशाच पेचात सापडलेल्या इतर आईबाबांच्या उपयोगी पडावं म्हणून हा लेख.

पॅरिसनंतरची हौस

हा हट्ट एकट्या आमच्या भाचीचा नाही. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. दोनच दिवसांनी सरबजोत सिंगच्या जोडीने तिने मिश्र गटातही कांस्य पटकावलं. १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवलं आणि मराठी घरांत तर आनंदाला उधाण आलं.

मनू हरयाणाच्या झज्जर जिल्ह्यातली. मुष्टियुद्ध, टेनिस, स्केटिंग असे नाना खेळ करून ती २०१६ नंतर नेमबाजीकडे वळली. वडिलांकडे पिस्तुलाचा हट्ट धरला आणि त्यांनी तो पुरवला, असं तिच्याविषयी सांगितलं जातं. ही गोष्ट आमच्या भाचीला तोंडपाठ होती आणि रोज जेवताना ती वडिलांच्या कानावर घालत होती!

पिस्तूल म्हणजे कोणतं?

पहिला खुलासा ताईसाठी करावा लागला. ती सिनेमातलं पिस्तूल डोळ्यांपुढे आणून धास्तावली होती. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या पिस्तुलात दारू नसते, गोळीही नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छोटासा छर्रा सुटतो. एका छऱ्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. त्याचं तोंड सपाट असतं, त्यामुळे कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजता येतात.

पुढे पंचवीस मीटरच्या स्पर्धांत बावीस बोअरचं, म्हणजे खऱ्या काडतुसाचं पिस्तूल लागतं. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्णपदक जिंकलं ते याच प्रकारात. या पिस्तुलाला शस्त्र परवाना हवा, काडतुसांचा खर्च हवा आणि त्यासाठी बांधलेली रेंज हवी. म्हणून सुरुवात एअर पिस्तुलानेच करावी. त्याची रेंज एखाद्या लांबट हॉलमध्येही बसते, छर्रे तुलनेने स्वस्त असतात, आवाज आणि धक्का नगण्य असतो.

शिवाय इथे शिकलेलं पुढे वाया जात नाही. हात स्थिर ठेवणं, श्वास आवरणं, चाप हळुवार दाबणं हे तिन्ही धडे सगळ्या पिस्तूल स्पर्धांना सारखेच लागू पडतात. मनूने पॅरिसमध्ये दहा मीटरबरोबर पंचवीस मीटरची स्पर्धाही केली आणि तीत ती चौथी आली. पहिलंच पिस्तूल पुढे सगळीकडे उपयोगी पडावं असं वाटत असेल, तर दहा मीटरच्या एअर पिस्तुलाइतकं सोयीचं दुसरं नाही.

दिसायला मात्र हा खेळ सोपा वाटतो तसा मुळीच नाही. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ते दहा मीटरवरून टिपायचं, तेही एका हाताने, हात पूर्ण लांब करून, कशाचाही आधार न घेता. असे सव्वा तासात साठ नेम!

स्वस्त की महाग?

भावोजींना पडलेला किमतीचा प्रश्न इथे सुटतो. छऱ्यामागे हवेचा जोर कसा निर्माण होतो, यावर सारं अवलंबून आहे.

स्वस्त पिस्तुलांत बहुधा स्प्रिंग असते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच पिस्तूल हातात हिसका खातं. त्यामुळे नेम चुकला तो आपल्या हाताने की हिसक्याने, हे शिकणाऱ्याला कळतच नाही. चूक कळली नाही तर ती सुधारणार कशी? अंगणात डबे पाडायला हे पिस्तूल ठीक, पण स्पर्धेची तयारी त्यावर होत नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नेमाआधी लांब तरफ एकदा ओढून हवा भरायची. यात हिसका नाही, बाहेरून हवा भरण्याची कटकट नाही आणि नेमही चांगला बसतो. फक्त साठ वेळा तरफ ओढताना लहान मुलांचा हात भरून येतो. काही पिस्तुलं कार्बन डायऑक्साइड वायूवर चालतात, पण हवामान बदललं की वायूचा दाब बदलतो आणि नेमही वरखाली होतो.

आज मोठ्या स्पर्धांत दिसतात ती नळीखाली हवेचं सिलिंडर असलेली पिस्तुलं. सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत हवा भरली की शंभराहून अधिक नेम आरामात होतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्डिनी ही यातली प्रसिद्ध युरोपीय नावं. लाखाच्या पुढची किंमत याच पिस्तुलांची. त्यांच्यात आपापसांत फरक आहे तो मुख्यतः हातात बसण्याचा. अचूकतेत सगळीच नवख्याच्या कितीतरी पुढे आहेत. तेव्हा 'कोणतं सर्वांत चांगलं?' असं विचारण्यापेक्षा 'माझ्या मुलीच्या हातात कोणतं नीट बसतं?' असं विचारावं.

खरी गोम मुठीत

हे आम्हाला रेंजवर प्रत्यक्ष पाहायला मिळालं. भाचीच्या हातात क्लबचं पिस्तूल दिलं ते मोठ्या मुठीचं होतं. चापापर्यंत बोट पोचवायला तिला तळहात सरकवावा लागत होता. दहा नेम झाले. छर्रे लक्ष्यभर विखुरले. तिचा चेहरा पडला. प्रशिक्षक काही न बोलता आत गेले आणि लहान मुठीचं पिस्तूल घेऊन आले. पुढचे दहा छर्रे बशीएवढ्या जागेत पडले. मुलगी तीच, अंतर तेच. बदलली होती ती फक्त मूठ!

पिस्तुलाच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगवेगळ्या मिळतात. थोडंफार तासून त्या हातालायक करता येतात, पण मूळ माप बरोबर हवं. परीक्षा सोपी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, मुलीला ते लक्ष्याच्या दिशेने धरायला सांगा. डोळे मिटून हात खाली, मग पुन्हा वर. डोळे उघडल्यावर पुढची माशी मागच्या खाचेच्या मधोमध आपोआप दिसली तर मूठ जमली. दर वेळी मनगट वळवावं लागत असेल तर ती मूठ तिची नाही. चापावर बोटाचं पहिलं पेर सहज टेकलं पाहिजे.

नंतर वजन. नियमाप्रमाणे पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं. बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. घरी एक किलो साखरेची पुडी हात लांब करून मिनिटभर धरून पाहा, म्हणजे अंदाज येईल. कोवळ्या वयात जड पिस्तुलाचा हट्ट धरला तर खांदा आणि मनगट दुखावतात. मुलांसाठी आखूड नळीची, हलकी पिस्तुलंही मिळतात. चापाचा भार स्पर्धेच्या नियमानुसार किमान पाचशे ग्रॅम हवा; तो त्याहून हलका करून मिरवण्यात अर्थ नाही, कारण तपासणीतच पिस्तूल बाद होईल.

बाकीच्या सामानाची घाई नको. पॅरिसलाच मिश्र गटात रौप्य मिळवणारा तुर्कस्तानचा युसुफ डिकेच आठवत असेल. एक हात खिशात, डोळ्यांवर साधा चष्मा! नेमबाजांच्या खास चष्म्याशिवाय त्याने पदक मिळवलं. पण त्याच्याही हातात पिस्तूल होतं ते स्पर्धेचंच. पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

वापरलेलं घ्यावं का?

अवश्य विचार करावा. अनेक मुलं दोन-तीन वर्षांत खेळ सोडतात आणि त्यांची पिस्तुलं कपाटात पडून राहतात. मात्र एक गोष्ट आधी बघा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. तिच्यापासून दहा वर्षांपर्यंतच ते स्पर्धेत चालतं. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करा. हवा गळते का, हे पाहण्यासाठी भरलेलं सिलिंडर रात्रभर ठेवून सकाळी दाब तपासा.

त्या पिस्तुलाचे सुटे भाग आपल्याकडे मिळतात का आणि दुरुस्त करणारा जवळपास आहे का, हेही विचारा. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर मनूच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ती बारावी आली. अंतिम फेरीत जातात पहिले आठ. जगातल्या उत्तम पिस्तुलाची ही कथा, तर अनोळखी नावाच्या पिस्तुलाचं काय सांगावं!

कायदा आणि कपाट

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेची पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच आत असतात. तरी खरेदीची पावती जपून ठेवा आणि पिस्तूल नेहमी पेटीत घालूनच न्या. बसमध्ये, रस्त्यावर ते बाहेर काढलं तर बघणाऱ्याला ते खरं की हवेचं, हे कळणार नाही.

परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. या छऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून घरात पिस्तूल कुलपात आणि छर्रे वेगळ्या कपाटात ठेवा. रिकामं असलं तरी ते माणसाकडे रोखायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालून ठेवली की ते रिकामं आहे, हे लांबूनही दिसतं. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावू देऊ नका.

आणि घरी सराव कसा? छऱ्याविना. भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून नुसता चाप दाबायचा. चांगल्या पिस्तुलांत यासाठी खास सोय असते. रोज अर्धा तास हा कोरडा सराव करणारी मुलं लवकर पुढे जातात, असं प्रशिक्षकांनी आवर्जून सांगितलं.

सहा महिन्यांची परीक्षा

प्रशिक्षकांचा शेवटचा सल्ला भावोजींना सर्वांत आवडला: "सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर येऊ द्या. त्यानंतरही ती येत असेल तर घ्या." भाची जरा खट्टू झाली. सहामाहीनंतरचा अभ्यास, शिकवणी आणि रेंज ही ओढाताण तिला जमेल का, अशी शंका मलाही होती. पण दर रविवारी सकाळी सहाला ती तयार असे. वहीत प्रत्येक दिवसाचे गुण लिहून ठेवी. मधे तीन आठवडे गुण घसरतच गेले. तेव्हा ती घरी येऊन रडली. पण पुढच्या रविवारी पुन्हा सहाला तयार!

सहा महिने झाले. पैशांचा विषय निघाला तेव्हा भावोजी कर्जाचं बोलू लागले. ताई उठली आणि कपाटातून बँकेचं पुस्तक घेऊन आली. लेकीच्या लग्नात दागिने करायचे म्हणून ती गेली बारा वर्षं त्यात थोडे थोडे पैसे टाकत होती.

"अहो, दागिने तिच्यासाठीच करणार होतो ना?" ती म्हणाली. "मग हा तिचा पहिला दागिना समजा."

वापरलेलं, पण लहान मुठीचं आणि सिलिंडरची सहा वर्षं मुदत बाकी असलेलं एक पिस्तूल घरात आलं. भाचीने पेटी उघडली, नळीतली सुरक्षा-दोरी तपासली, हात लांब केला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. तिने डोळे उघडले.

"बरोबर मधोमध, मामा!"

पहिलं पिस्तूल घेण्यापूर्वी

• किमान सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव.
• मूठ हाताच्या मापाची, उजवी-डावी पाहून.
• वजन वयाला झेपेल असंच.
• सिलिंडरची तारीख आणि सुट्या भागांची सोय तपासलेली.
• घरात कुलूप, छर्रे वेगळे.
• प्रशिक्षकांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.