कास ते मिरज : कॅमेऱ्याची सॅक निवडताना

कॅमेऱ्याची सॅक साध्या सॅकपेक्षा दोन बाबतींत वेगळी असते. तिच्या आत फोमचे कप्पे असतात आणि ते व्हेल्क्रोने हवे तसे सरकवता येतात. शिवाय तिचे तोंड वर नसून एखादी अख्खी बाजूच दारासारखी उघडते, त्यामुळे तळाशी ठेवलेली लेन्सही चटकन हाताला लागते. या सोयीची किंमत वजनात मोजावी लागते. वीस-पंचवीस लिटरची साधी सॅक पाऊण ते एक किलोची असते. तेवढीच कॅमेऱ्याची सॅक रिकामी असतानाच दीड-दोन किलो भरते.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो कॅमेरा कोणता आहे हा. त्याआधी विचारायला हवे ते फिरणार कुठे हे. सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांत जागेजागेतला फरक जितका ठळक दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सव्वाशेएक किलोमीटर पूर्वेला, म्हसवड-आटपाडीच्या बाजूला, तो पाचशेच्या आसपास येतो. एका टोकाला धुके, चिखल आणि घाटवाटा, दुसऱ्या टोकाला धूळ, ऊन आणि बाजारपेठेच्या गल्ल्या. चार दिवसांच्या सहलीत दोन्ही पाहायचे, तर सॅक मात्र एकच असते.

कॅमेऱ्याच्या पिशव्यांची घराणीही अशीच दोन आहेत. ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकाने १९६७ च्या सुमारास डोंगरात वापरण्याच्या पाठपिशव्या बनवायला सुरुवात केली. कॅमेऱ्याच्या पिशव्यांचे 'लोप्रो' हे नाव त्याच्यावरूनच आले. जिम डोमके हा फिलाडेल्फियाचा वृत्तछायाचित्रकार. त्याने १९७६ मध्ये स्वतःसाठी कॅनव्हासची, खांद्याला लावायची मऊ पिशवी शिवून घेतली. एक पिशवी चढण्यासाठी, दुसरी गर्दीत हात चालावा म्हणून. आजची प्रवासी सॅक या दोघींच्या मधली वाट शोधत असते.

आकार ठरवण्याआधी सामानाचा हिशेब मांडावा. कासच्या फुलांसाठी निघालेल्या माणसाकडे साधारण ७०० ग्रॅमची बॉडी, तेवढ्याच वजनाची नेहमीची झूम लेन्स आणि ६५० ग्रॅमची मॅक्रो लेन्स असते. 'सीतेची आसवं' हे फूल नखाएवढे, त्यामुळे मॅक्रो घरी ठेवून चालत नाही. त्यात दीड किलोचा ट्रायपॉड, एक लिटर पाणी आणि सॅकचे स्वतःचे पावणेदोन किलो धरले की सव्वासहा किलो झाले. रेनकोट आणि डबा अजून बाहेरच आहे. एक बॉडी आणि दोन-तीन लेन्स नेणाऱ्याला वीस ते पंचवीस लिटर पुरतात. त्यापेक्षा मोठी सॅक घेतली की ती भरली जाते, हा माणसाचा स्वभाव आहे. आणि न वापरलेली लेन्स अजिंक्यताऱ्याच्या चढावर सर्वांत जड लागते.

पाच किलोंच्या पुढे वजन गेले की कमरपट्टा खरा हवा. खरा म्हणजे रुंद, आत फोम असलेला आणि कमरेच्या हाडावर बसणारा. तो आवळला की भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. अनेक शहरी सॅकांना नाडीसारखा बारीक पट्टा लावलेला असतो. तो सॅक हलू देत नाही एवढेच, भार उचलत नाही. छातीवरचा पट्टा मात्र बारीक असला तरी चालतो, कारण त्याचे काम खांद्याचे पट्टे घसरू न देणे एवढेच आहे.

सॅक कोणत्या बाजूने उघडते, हा निवडीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आणि दुकानात सर्वांत कमी पाहिला जाणारा. समोरून उघडणारी सॅक पाठीच्या बाजूवर आडवी ठेवावी लागते. मग चिखल पट्ट्यांना लागतो आणि पट्ट्यांवरून शर्टाला. कासवर तर ती ठेवायची कुठे, हाच प्रश्न. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे हे पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. जांभ्या खडकाच्या सड्यावर मातीचा पातळ थर आणि त्यावर फुले, अशी त्याची रचना. तिथे सॅक टेकवणे म्हणजे फुलांवर टेकवणे. कुशीतून उघडणारी सॅक एका खांद्यावरून पुढे ओढून कॅमेरा काढता येतो, पण हात पोचतो तो एकाच कप्प्यापर्यंत. पाठीकडून उघडणारी सॅक खांद्यांवरून उतरवून, कमरपट्टा तसाच बांधलेला ठेवून, पोटावर फिरवता येते. मग तिचे झाकण टेबलासारखे समोर उघडते आणि उभ्या उभ्या लेन्स बदलता येते. गर्दीतही तिचे दार पाठीला चिकटलेले राहते, त्यामुळे मागच्याचा हात आत जाऊ शकत नाही. डोंगर आणि बाजार दोन्ही पाहणाऱ्याने हीच रचना घ्यावी, फक्त तिला कमरपट्टा भक्कम हवा.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर घाटात भरवसा ठेवू नये. नायलॉनच्या आतल्या थरातून पाणी सहसा येत नाही. ते येते चेनमधून आणि शिलाईतून. सॅकसोबतचे रेनकव्हर वरून आणि बाहेरून झाकते, पाठीची बाजू उघडीच राहते. ठोसेघरच्या धबधब्यापाशी तुषार आणि वारा एकत्र आले की पाणी मानेवरून पाठीत, पाठीवरून सॅकच्या फोममध्ये उतरते आणि कव्हरच्या तळाशी साचते. तळाला पाणी निघून जायला छिद्र आहे का, ते पाहून घ्यावे. डोक्यापासून सॅकसकट सगळे झाकणारा सैल पोंचो अधिक कामाचा. सह्याद्रीतल्या शेतकऱ्याचे इरले शतकानुशतके हेच करत आले आहे.

खरे नुकसान पावसापेक्षा परतल्यावर होते. फोम ओल धरून ठेवतो. भिजलेली सॅक कॅमेऱ्यासकट कपाटात गेली की लेन्सच्या आत बुरशीचे जाळे पसरू लागते, आणि ते काचेच्या मुलाम्यालाही खाते. म्हणून सॅकला कपाट समजू नये. घरी आल्यावर कप्पे काढून पंख्याखाली वाळवावेत आणि कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

कृष्णेच्या काठाने सांगलीकडे उतरले की अडचणींचे रूप बदलते. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये जिथे बनतात ती दुकाने अरुंद आहेत. वर टांगलेले भोपळे, भिंतीला टेकलेले तंबोरे. पाठीवर फुगलेली सॅक आणि तिच्या कुशीतून बाहेर आलेला ट्रायपॉड घेऊन गर्रकन वळणाऱ्या पाहुण्याची तिथे सगळ्यांना धास्ती. शहरासाठी सॅक खांद्यांच्या रुंदीबाहेर जाता कामा नये, आणि दुकानात शिरताना ती पोटावर घ्यावी.

हळदीच्या बाजारात त्रास धुळीचा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. तिची पिवळी भुकटी हवेत तरंगते आणि व्हेल्क्रोत जाऊन बसते. चेनवर कापडाची पट्टी असलेली सॅक इथे उपयोगी. लेन्स मात्र बाहेर पडूनच बदलावी. फिकट रंगाची सॅक नेलीच, तर ती परत पांढरी होईल ही आशा सोडावी.

वारीचा प्रकार निराळा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते. त्या दाटीत कोणतीही सॅक अडचणच. एक बॉडी, एक लेन्स आणि आडवी अडकवायची छोटी पिशवी पुरे. ज्यांच्या सॅकमधला फोमचा खण अख्खा बाहेर निघतो, त्यांना यासाठी वेगळी खरेदी करावी लागत नाही. असा सुटा खण स्वतंत्रही मिळतो. घरातल्या चांगल्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये तो बसवला की बहुतेक हौशी प्रवाशांचे काम भागते. आत महागडे काही आहे असे ती सॅक ओरडून सांगत नाही, हा वरचा फायदा. संग्रहालयांत सॅक बहुधा दाराशीच ठेवावी लागते. १९३८ मध्ये उभ्या राहिलेल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयासारख्या ठिकाणी निघताना, हा खण खांद्याला लावून मौल्यवान सामान जवळ ठेवता येईल का, हे आधीच पाहावे.

वाहनाचाही विचार हवा. एसटीत सॅक वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्यावी, म्हणून ती पन्नास सेंटिमीटरहून उंच नको. दुचाकीवर ती पाठीवरच बरी: पायाशी ठेवली तर चिखल उडतो आणि थरथरीने लेन्सचे स्क्रू ढिले होतात. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, आणि देशांतर्गत उड्डाणांत त्या सामानाची मर्यादा सहसा ७ किलो असते. खाण्याचा कप्पा वेगळा आणि बंद होणारा हवा. साताऱ्याचे कंदी पेढे लेन्सशेजारी गेले की तूप काचेला लागते. उघड्या जाळीच्या खिशात राहिले की महाबळेश्वरची माकडे ते काढून घेतात, कधी खिशासकट.

विकत घेताना आपला कॅमेरा, लेन्स आणि भरलेली पाण्याची बाटली घेऊनच दुकानात जावे. सगळे भरून सॅक पाठीवर घ्यावी, दहा मिनिटे चालावे, जिना चढून उतरावे, मग ती पोटावर फिरवून डोळे मिटून कॅमेरा काढून पाहावा. चेनचा रनर वळणाच्या कोपऱ्यावर अडकत नाही ना, हेही दहा वेळा उघडझाप करून तपासावे. सॅकमध्ये सर्वांत आधी बिघडतो तो रनरच. तो साध्या मापाचा असेल तर गावातला बॅग दुरुस्त करणाराही बदलून देतो.