हरळीचे पंचांग

एकाच गवताला आपण तीन नावे दिली आहेत. गणपतीला वाहिली की ती दूर्वा, शेतात माजली की हरळी, आणि इमारतीपुढे नीट कापून राखली की लॉन! वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. लॉनसाठी हल्ली इतर जातींची गवतेही लावतात. पण उष्ण प्रदेशात भरवसा ठेवावा असे गवत हेच. शेतकरी मात्र तिला वैतागतो, कारण नांगराने तिचे तुकडे केले तरी पेरापेरातून ती पुन्हा फुटते. जी हरळी शेतकऱ्याला मारून मरत नाही, तिला जगवण्यासाठी ऐन वैशाखात हजारो लिटर पाणी का ओतावे? या लेखात मला या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मी बडोद्याच्या वाडी भागात राहतो. येथे भिंतीला भिंत लागून घरे. हिरवळ पाहायची तर कमाटीबागेत, म्हणजेच सयाजीबागेत जावे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी ही बाग झाली. पुढे १८९३ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव क्रुम्बीगल संस्थानच्या बागांसाठी बडोद्यास आले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे नाव परिचयाचे असेल. कारण हेच गृहस्थ नंतर म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेमुळे प्रसिद्धीस आले.

माणूस एक, पण दोन गावांची हवा निराळी. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. तेथे एप्रिल-मेमध्येही वळवाच्या सरी येतात. बडोदे चाळीस मीटरही उंच नाही. येथील वर्षाचा नव्वद-पंचाण्णव सेंटिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून हिरवळीचे पंचांग ज्या त्या गावच्या हवेवरून मांडावे. विलायती पुस्तकातले वसंत आणि शरद येथे उपयोगी पडत नाहीत.

हरळीचा मुख्य ऋतू पावसाळा. २५ ते ३५ अंश उष्णता, भरपूर ऊन आणि जमिनीत ओल मिळाली की ती झपाट्याने पसरते. नवी हिरवळ करावयाची ती जून-जुलैतच. मुळ्यांसह धावत्या फांद्यांचे तुकडे आठ-दहा सेंटिमीटरांवर टोचले की दोन-तीन महिन्यांत जमीन झाकली जाते. झाडाच्या गर्द सावलीत मात्र हा खटाटोप करू नये. तेथे हरळी टिकत नाही.

पावसाळ्यात आठवड्याला किंवा दहा दिवसांनी कापणी करावी. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्सा कापावा, त्याहून अधिक नाही. पाने फार गेली तर मुळांना अन्न पुरत नाही. ओले गवत कापू नये. दमट हवेत बुरशीचा रोग ओल्या पानांवरून पसरतो. नत्रखत एकदम न घालता थोडे थोडे द्यावे, नाहीतर पावसाबरोबर ते वाहून जाते. पाणी तुंबू देऊ नये, कारण मुळांनाही हवा लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तसा पूर येऊन गेल्यावर गवतावर बसलेला गाळ वाळून घट्ट होण्यापूर्वी काढावा. पाऊस सरताच लव्हाळ्याकडे वळावे. तो नुसता उपटून भागत नाही. जमिनीतल्या गाठी खुरप्याने खणून काढाव्या लागतात.

थंडीत रात्रीचा पारा पंधराच्या खाली उतरला की वाढ मंदावते. तेव्हा कापणी क्वचित आणि पाणी दहा-पंधरा दिवसांनी पुरते. थोडे थोडे पाणी रोज शिंपडणे सर्वांत वाईट. त्याने वरची बोटभर माती भिजते, मुळेही तेवढ्यावरच राहतात आणि उन्हाळा येताच होरपळतात. पाणी क्वचित पण खोलवर द्यावे, तेही पहाटे.

आता उन्हाळा. शंभर चौरस मीटर हिरवळीवर अडीच सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हणजे २,५०० लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरमाणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाचे हे पावणेचार दिवसांचे पाणी झाले, आणि हिरवळ हिरवीगार ठेवायची तर मेमध्ये ते आठवड्यातून एकदा तरी हवे. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत अशा हिरवळी वाढत आहेत, तेव्हा हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा.

पाणी तोडले तर हरळी पिवळी पडते; पण पिवळी पडली म्हणजे मेली असे नव्हे. पाने वाळू देऊन ती आपला जीव जमिनीतल्या खोडांत राखून ठेवते. खात्री करायची असेल तर एक पेर मोडून पाहावे. आत पांढरट आणि ओलसर असेल तर ते जिवंत आहे. तीन-चार आठवड्यांनी एकदा भिजवले तरी ही खोडे तग धरतात. मात्र या काळात गवतावर वर्दळ नको. खेळाच्या मैदानाची गोष्ट वेगळी, कारण पायांखाली झिजलेले गवत भरून येण्यासाठी पाणी लागतेच. पण केवळ शोभेच्या हिरवळीला ही सबब नाही.

मेअखेर वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढावा आणि कुजलेले शेणखत चाळून पातळ पसरावे. मृगाच्या सरी ते आपोआप मुरवतात. तेव्हा येत्या उन्हाळ्यात आपल्या महाविद्यालयापुढची हिरवळ पिवळी दिसली, तर माळ्याला बोल लावण्यापूर्वी एक पेर मोडून पाहा. ते जिवंत निघाले, तर माळ्याने हजारो लिटर पाणी वाचवले, असे समजावे.