आत्म्याचा प्रश्न आणि आपली वस्ती

माणूस मेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न महाविद्यालयात मी तत्त्वज्ञानाचा म्हणून शिकवतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या वस्त्यांत तो घरातून मयत उठले की उभा राहतो. पत्रिकेवर 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' असे छापलेले असते. त्रिशरण-पंचशील होते, बौद्धाचार्य येऊन जातात. आणि दोन आठवड्यांनी कुणी नातलग हळूच म्हणतो, 'पोराचा जीव अडकलाय, कुणाला तरी विचारून बघा.' मग अंगात येणाऱ्या बाईकडे खेपा सुरू होतात. लोकलखाली गेलेल्या मुलाची आई तिच्यापुढे बसते आणि मुलाशी बोलून आल्यासारखी घरी परतते. आमच्या शेजारात मी हे पाहिले आहे.

या आईला हसणे हा विवेकवाद नव्हे. तिचे दुःख खरे आहे. तपासायचे आहे ते तिला मिळालेले उत्तर.

हे उत्तर तयार होते कसे? बाई आधी मोघम बोलते. 'कुणाशी तरी बोलायचं राहिलं', 'छातीत दाटून येतंय.' ऐकणारी हुंदका देते, नाव सांगते, शेवटचा दिवस सांगते. तिनेच पुरवलेला तपशील थोड्या वेळाने मृताच्या तोंडून आल्यासारखा परत येतो. जे जुळले ते लक्षात राहते, जे चुकले ते विसरले जाते. बाई दरवेळी ढोंगीच असते असेही नाही. त्या अवस्थेत तिला स्वतःलाही ते खरे वाटू शकते. शिकल्यासवरलेल्या घरांतले प्लँचेट याहून निराळे नाही. युरोपात मृतात्मे टेबल हलवतात अशी समजूत पसरली, तेव्हा १८५३ साली मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले की, टेबलावर ठेवलेले हातच नकळत जोर देतात. त्याआधी १८४८ साली अमेरिकेत फॉक्स भगिनींनी मृतांच्या 'टकटकी'ची लाट उठवली होती. १८८८ साली त्यांतल्या मार्गारेटने न्यूयॉर्कच्या भरसभेत तो आवाज पायाच्या बोटांचा असल्याचे सांगितले. पुढे तिने कबुली मागे घेतली. पण आवाज तिने लोकांपुढे काढून दाखवला होता.

इथवरची गोष्ट कोणत्याही समाजाची आहे. आपल्यासाठी मात्र आत्म्याच्या कल्पनेला आणखी एक बाजू आहे, आणि ती पोथीतल्यापेक्षा गावगाड्यात स्पष्ट दिसते. मयताची खबर गावोगाव पोचवायची महाराने. सरणाची लाकडे वाहायची महाराने. मढ्यावरचे कापड हा त्याचा हक्क, म्हणजे त्याची मजुरी. दुसऱ्याच्या मरणाचे सगळे काम ज्याने केले, त्याचे स्वतःचे मढे जाळायला वा पुरायला जागा निराळी. पितरांना मुक्ती मिळवून देणारी दक्षिणा भटजीची, आणि विटाळ आपला. महात्मा फुले यांनी 'ब्राह्मणाचे कसब' या १८६९ सालच्या पुस्तकात हेच दाखवले: जन्मापासून मरणापर्यंत आणि मरणानंतरही शूद्रांच्या कनवटीला हात घालणारी ही व्यवस्था आहे.

आत्मा अमर आहे आणि तो जन्मामागून जन्म घेतो असे एकदा मानले, की पुढची पायरी ठरलेली आहे. तू महाराच्या पोटी आलास, कारण गेल्या जन्मी तू पाप केलेस. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या पायरीवरच घाव घातला. मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरीब-दलितांच्या स्थितीबद्दलची समाजाची आणि राज्याची जबाबदारी झटकण्याच्याच कामाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बुद्धाने आत्मा नाकारला. मग पुनर्जन्म कशाचा? बाबासाहेबांचे स्पष्टीकरण असे: शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू या भूतांचे बनलेले, मरणानंतर ती आपापल्या साठ्यात मिसळतात आणि त्यांतून नवी घडण होते. 'तोच' माणूस पुन्हा येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, तिचा अर्थ या संदर्भात लागतो. तो नुसता खर्च वाचवण्याचा उपदेश नव्हता.

पण नकाराने दुःख हलके होत नाही, हेही बुद्धाला ठाऊक होते. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला त्याने अनात्मवाद ऐकवला नाही. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, म्हणून सांगितले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक दारात तिला आपल्यासारखेच कुणीतरी भेटले. तिचे औषध त्या दारांत होते.

आपल्या उपनगरातच याचे उदाहरण आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० माणसे मेली. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर थोड्याच दिवसांत जीवन संपवले. तो घाव वस्तीने आजही सोसला आहे. त्यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांत आजही ऐकू येतो, आणि तो ऐकायला कुणाच्या अंगात यावे लागत नाही. दरवर्षी ११ जुलैला लोक जमतात, नावे घेतात, मेणबत्त्या लावतात. गोळीबाराच्या प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ साली. मधली १२ वर्षे मेलेल्यांच्या बाजूने जिवंत माणसेच बोलत होती.

अंधश्रद्धाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली आला. भूत काढण्याच्या नावाने होणारी मारहाण, पिळवणूक तो रोखू शकतो. रात्री घर खायला उठते तेव्हा सोबत बसणे हे कायद्याचे काम नव्हे, ते आपले आहे. जलदान विधी एका दिवसात आटोपतो आणि विहाराचे दार पुढच्या रविवारपर्यंत बंद होते. विहारातल्या चार बायांनी त्या घरी महिनाभर संध्याकाळी जाऊन बसावे, गेलेल्याबद्दल घरच्यांना बोलू द्यावे. विचारून बघायला कुणाकडे जायचे, हा प्रश्न मग बऱ्याच घरांत निघणारच नाही.