नगरवृक्षांचे अर्थमूल्य

नगरपालिकेच्या जमाखर्चात रस्त्याकडेचे झाड बहुधा खर्चाच्याच बाजूस आढळते. रोप, पाणी, छाटणी यांवरील खर्च नोंदला जातो. सावलीची जमा मात्र कोणत्याही रकान्यात येत नाही. सावलीला बाजारभाव नाही, आणि ज्याला बाजारभाव नाही ते मूल्यहीन, असा समज सहज रूढ होतो. परिणामी रस्तारुंदीच्या वेळी झाडाची किंमत त्याच्या लाकडापुरती उरते.

हे मूल्य मोजण्याचे दोन प्रयत्न उद्बोधक आहेत. न्यूयॉर्क शहराने २००७ साली रस्त्यांवरील सुमारे ५ लक्ष ९२ हजार झाडांचा हिशेब मांडला. त्यांचा वार्षिक लाभ सुमारे १२ कोटी २० लक्ष डॉलर भरला. म्हणजे खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे ५.६० डॉलर. त्यात सर्वांत मोठी बाब घरांच्या वाढीव किमतीची होती. त्याखालोखाल पावसाचे पाणी पानाफांद्यांवर थोपविल्याने गटारांवरील हलका झालेला भार आणि ऊर्जेची बचत या बाबी होत्या.

दुसरा प्रयत्न भारतातील होय. पश्चिम बंगालमधील रेल्वेवरील पुलांसाठी होणाऱ्या वृक्षतोडीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये धरले आणि त्यास झाडाच्या वयाने गुणावे असे सुचविले. यांपैकी ४५,००० रुपये केवळ प्राणवायूचे होते. ही बाब अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. वातावरणात प्राणवायू विपुल आहे. नळकांड्यातील प्राणवायूची किंमत ही त्याच्या शुद्धीकरणाची, साठवणीची व वाहतुकीची असते. मात्र वयाला महत्त्व देण्यामागील दृष्टी योग्य आहे. कारण छाया, गारवा व पाणी थोपविण्याची शक्ती ही पर्णसंभाराच्या विस्तारावर अवलंबून असते, आणि तो विस्तार कालांतरानेच लाभतो.

महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती होऊन, तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावण्याचे बंधन आले. वयाची दखल घेतली गेली, हे स्वागतार्हच. तथापि पन्नास वर्षांच्या वडाच्या बदल्यात दूरच्या मैदानात लावलेली पन्नास रोपे, संख्येने भरपाई करीत असली तरी, मूळ जागेची सावली परत देत नाहीत.

येथेच वाटपाचा प्रश्न उपस्थित होतो. घराची वाढीव किंमत मालकास मिळते व ती हिशेबात दिसते. उलट, झाडाखाली बसणारा चांभार, भाजीवाली, रिक्षाची वाट पाहणारा वृद्ध यांना मिळणारा लाभ कोणत्याही बिलात उमटत नाही. आणि झाड तुटताच पहिला तोटा त्यांनाच सोसावा लागतो. म्हणून नगरवृक्षाचे मूल्य ठरविताना ‘किती रुपये’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणाचे, कोठे आणि किती वर्षांनी’ हेही विचारणे आवश्यक आहे. अन्यथा हिशेब जुळेल, पण रस्ता उन्हात राहील.