‘ऐकलं’ म्हणणारी पेटी

8 नोव्हेंबर 1888 रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि उतारूंसकट नाहीशी झाली. मार्कोनीने बिनतारी यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला तो त्यानंतर आठ वर्षांनी. ‘वैतरणा’ याच नावाची नदी दातिवरे आणि अर्नाळ्याच्या मधून समुद्राला मिळते. तिथून उत्तरेला केळवे, सातपाटी, तारापूर, डहाणू अशी कोळी बंदरांची रांग लागते. या बंदरांतून सुटलेली बोट कुठे आहे, हे किनाऱ्याला कळावे म्हणून गेल्या दीड दशकात बरीच धडपड झाली. तिच्यात यंत्रांइतकाच वाटा बिनतारी लहरींच्या नियमांचा आहे, पण त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

सुरुवात भीतीतून झाली. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट ताब्यात घेऊन मुंबई गाठली. त्यानंतर किनाऱ्यावरची प्रत्येक बोट संशयाच्या नजरेखाली आली. नोंदणी कडक झाली, खलाशांना ओळखपत्रे मिळाली, रडार उभी राहिली आणि मोठ्या बोटींवर एआयएस ही स्वयंचलित ओळख यंत्रणा बसवण्याचा आग्रह सुरू झाला. या यंत्रणेत प्रत्येक बोट आपला नऊ आकडी क्रमांक, जागा, वेग आणि दिशा सतत प्रसारित करते. भारतीय बोटींचा क्रमांक 419 ने सुरू होतो. हे सगळे चालते 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झ या दोनच वाहिन्यांवर. जगभरातली जहाजे त्याच दोन वाहिन्या वाटून घेतात. एका मिनिटाचे प्रत्येक वाहिनीवर 2,250 तुकडे पाडलेले असतात आणि बोटीने त्यातल्या आपल्या तुकड्यातच बोलायचे असते. ही शिस्त मोडली तर टक्कर टाळण्याची व्यवस्थाच आंधळी होते.

आणि ती मोडली गेलीच. मैलोन्‌मैल पसरलेले जाळे रात्री हरवू नये म्हणून बोयाला लावायचे स्वस्त टॅग बाजारात आले. गरज खरी होती. जाळे वाहून जाण्याने काय नुकसान होते, ते पापलेटसाठी दालदी जाळी टाकणाऱ्या सातपाटीकराला सांगायला नको. पण हे टॅग जहाजांच्याच वाहिन्यांवर बोलत. तेलवाहू जहाजाच्या पडद्यावर बोयाही जहाजासारखाच दिसे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये असे टॅग विकणे आणि वापरणे बेकायदा असल्याचा जाहीर इशारा दिला. पुढच्याच वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथे जागतिक रेडिओ परिषद भरली आणि तिने अशा उपकरणांसाठी 160.900 मेगाहर्ट्झ ही वेगळी वाहिनी ठरवली. ताकदीची मर्यादा 100 मिलीवॅट. नुसती बंदी न घालता मच्छीमाराच्या गरजेला स्वतःची जागा मिळाली, म्हणून हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

भारतात जागा मिळण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी संच नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आणि 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक ताकदीपर्यंत परवानामुक्त झाला. दुसऱ्या पट्ट्यात प्रक्षेपकाला एक वॅटची मर्यादा आहे. याच पट्ट्यावर फास्टॅग चालतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर खानिवडे आणि चारोटी इथल्या नाक्यांवर काचेवरच्या ज्या चिकटपट्टीतून टोल कापला जातो, तिच्यात बॅटरी नसते. वरच्या वाचकयंत्राच्या लहरींवरच ती क्षणभर जागी होते.

टॅगचे तयार मॉड्यूल विकत घेऊन आपल्या वस्तूत बसवणाऱ्या उद्योजकाला इथेच पहिली ठेच लागते. अमेरिकेसाठी बनलेले मॉड्यूल 902 ते 928 मेगाहर्ट्झवर बोलते. आपल्याकडे त्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाइल कंपन्यांकडे आहे. चिप तीच असली तरी फिल्टर, अँटेना आणि आतली आज्ञावली बदलावी लागते. मग केंद्राच्या बिनतारी नियोजन विभागाची, म्हणजे ‘डब्ल्यूपीसी’ची, उपकरण-मान्यता घ्यायची आणि त्यासाठी प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडायचा. 2019 पासून परवानामुक्त पट्ट्यांतल्या बऱ्याच उपकरणांना स्वयंघोषणेवर ही मान्यता मिळू लागली. त्यामुळे कागदपत्रांचा वेळ वाचला, पण अँटेनाचे गणित तेच राहिले. प्रमाणित मॉड्यूलला वेगळी अँटेना जोडली किंवा ते पत्र्याच्या पेटीत कोंबले, की चाचणीतले आकडे त्या वस्तूला लागू पडत नाहीत.

बोटीवर तर हे अधिकच खरे. खारी हवा, डिझेल इंजिनाचा थरथराट, उन्हात तापलेले केबिनचे छप्पर, शेजारी लोखंडी डोलकाठी. उपग्रहाशी बोलणाऱ्या पेटीला मोकळे आकाश हवे आणि बोटीवरची सगळी मोकळी जागा जाळ्यांना आणि बर्फाच्या खोक्यांना हवी. ही तडजोड कागदावरच्या आराखड्यात सुटत नाही. ती तांडेलाला शेजारी उभे करूनच सुटते.

2010 मध्ये इस्रोचा संकटसूचक प्रक्षेपक, म्हणजे ‘डॅट’, वापरात आला. त्यात दृष्टी बदलली होती, कारण हे यंत्र पोलिसांसाठी नव्हते. बोट बुडत असेल, आग लागली असेल, कुणी आजारी असेल, तर बटण दाबायचे. संदेश उपग्रहामार्गे नियंत्रण केंद्रात पोहोचे आणि तिथून तटरक्षक दलाकडे जाई. अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात आली. त्यांची एक उणीव मात्र जिव्हारी लागणारी होती: बटण दाबणाऱ्याला आपली हाक कुणी ऐकली की नाही, हे कळायचा मार्गच नव्हता. काळोखात पाण्यात उभ्या असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळाने उलट बाजूची उणीव उघडी पाडली. इशारा निघाला तेव्हा खोल समुद्रातल्या अनेक बोटींपर्यंत तो पोहोचलाच नाही. केरळच्या कितीतरी बोटी भरकटत सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला आल्या. ऑक्टोबर 2019 मध्ये ‘जेमिनी’ हे यंत्र आले. ते ‘गगन’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांवरून हवामानाचे इशारे घेऊन ब्लूटूथने मोबाइलवर पोहोचवते. म्हणजे एक पेटी फक्त बोलणारी आणि दुसरी फक्त ऐकणारी. दोन्ही कामे एकत्र आली ती जानेवारी 2024 मध्ये इस्रोने पुढे आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या ‘डॅट’मध्ये. हाक मिळाल्याची पोच आता बोटीवर परत येते. या पंधरा वर्षांतली सर्वांत मोलाची सुधारणा निवडायची झाली, तर ती हीच.

जागा ओळखणारी ‘नाविक’ ही भारतीय प्रणालीही यात हळूहळू मुरली. तिचे सुरुवातीचे उपग्रह एल-5 आणि एस या पट्ट्यांवर संकेत देत. छोट्या, स्वस्त उपकरणांतल्या बहुतेक चिपा मात्र जीपीएसचा एल-1 पट्टा ऐकतात. 29 मे 2023 रोजी गेलेल्या एनव्हीएस-01 पासून ‘नाविक’नेही एल-1 संकेत सुरू केला.

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते दोन कामांचा प्रारंभ एकाच मांडवात झाला. एक, 76 हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी. दुसरे, मच्छीमार बोटींसाठीच्या दळणवळण आणि मदत यंत्रणेचा देशव्यापी आरंभ: 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश, एक लाख ट्रान्सपाँडर, सुमारे 364 कोटी रुपये, म्हणजे बोटीमागे साधारण 36 हजार. मच्छीमाराला पेटी विनामूल्य. ज्यांच्या सुरक्षेसाठी ही पेटी, त्याच किनाऱ्यावरचे कोळी बंदरामुळे मासेमारीची जागा जाईल म्हणून त्या दिवशी निषेध करत होते. पेटी स्वीकारली म्हणून तो प्रश्न मिटत नाही आणि तो लपवूही नये.

या पेटीची निकड पालघरला वेगळी आहे. डहाणू-तलासरीचे अनेक आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट सागरी सीमारेषेपलीकडे गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढायची पाळी त्यांच्यावर येते. घरच्यांना कधी कधी महिनोन्‌महिने पत्ताही लागत नाही. नवी पेटी सीमारेषा जवळ आली की सावध करते. तिचे दुतर्फा संदेश जीसॅट-6 या उपग्रहाच्या एस पट्ट्यावरून जातात. हा उपग्रह 27 ऑगस्ट 2015 रोजी सुटला आणि त्याचे ठरवलेले आयुष्य नऊ वर्षांचे होते. ते पालघरच्या समारंभाच्या तीन दिवस आधी पुरे झाले. त्याचा जोडीदार जीसॅट-6ए मार्च 2018 मध्ये सुटल्यावर काही दिवसांतच संपर्काबाहेर गेला. बोटींवर बसलेल्या प्रत्येक पेटीसाठी आता या पट्ट्यावर नवा उपग्रह वेळेत वर जाणे गरजेचे आहे.